अल्हाम्ब्रा: सिंहांच्या चौकातील कमानी भार पेलतात का?

फोंडेकर
स्पेनमधील ग्रानादा येथील अल्हाम्ब्रा या नासरी सुलतानांच्या राजवाड्यांची छायाचित्रे पाहताना एक शंका सतत येते. सिंहांच्या चौकातील १२४ संगमरवरी खांब इतके सडपातळ आहेत की त्यांवरच्या जाळीदार कमानी आणि वरचे छप्पर कशाच्या आधारावर उभे आहे, ते उमगत नाही. आमच्या फोंड्यातील १५६० सालच्या साफा मशिदीत चिऱ्यांची जाड भिंत भार घेते, हे पाहताक्षणी समजते. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

चिरेबंदी
कमानी भार पेलतच नाहीत. खांबांच्या शीर्षांवर विटांचे स्तंभ चढवून त्यांवर लाकडी तुळया टाकलेल्या आहेत आणि छपराचा भार त्याच वाटेने खाली उतरतो. आपण जिला कमान म्हणतो, तो दोन स्तंभांमध्ये बसवलेला जिप्समचा पडदा आहे, म्हणूनच तो असा आरपार कोरता आला. खांब आणि शीर्ष यांच्या सांध्यात शिशाचे पत्रे आहेत, त्यामुळे दाब असमान पडला तरी संगमरवर सहसा तडकत नाही. दोन भगिनींच्या दालनातील मुकर्नस, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या लहान लहान कोनाड्यांच्या थरांचा, घुमटही तसाच: मोजक्याच आकारांचे ५,०००हून अधिक जिप्समचे तुकडे एकमेकांना जोडून तो घडवला, पण पावसापासून रक्षण करणारे कौलारू छप्पर त्याच्या वर वेगळे आहे. हा सारा भाग नासरी सुलतान पाचव्या मुहम्मदाच्या १३६२ नंतरच्या दुसऱ्या कारकिर्दीतला.

मांडवीकाठ
भिंतींबद्दल थोडी भर घालतो. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनातील निळ्या फरशांवर चित्रे रंगवलेली आहेत; अल्हाम्ब्रातील फरशीकाम त्याहून निराळे, कारण तेथे एकरंगी झिलईच्या फरशा कापून त्यांचे तुकडे भौमितिक आकृतीत बसवले आहेत. जेथे माणसांचे खांदे नि पाठ टेकते तेवढ्या उंचीपर्यंत हे टिकाऊ काम, त्यावर अक्षरांचे पट्टे आणि मग थेट छतापर्यंत कोरीव गिलावा, असा क्रम दिसतो. ‘अल्लाहखेरीज कोणी विजेता नाही’ हे नासरींचे ब्रीद तर जागोजागी आढळते. गिलावा मुळात निळा, लाल आणि सोनेरी होता; पर्यटकांना भावणारा फिकट हस्तिदंती रंग ही केवळ काळाची झीज आहे.

फोंडेकर
आभारी आहे. मग या सगळ्याला वरवरची सजावट म्हणावे काय?

चिरेबंदी
मी म्हणणार नाही. दारो नदीचे पाणी वरच्या अंगाला अडवून, पाटाने केवळ उताराच्या बळावर राजवाड्यांत आणले आहे, आणि बारा सिंहांच्या कारंज्याच्या कुंडावर इब्न झमरक या दरबारी कवीचे काव्य कोरले आहे. वाहते ते पाणी की संगमरवर, हे पाहणाऱ्याला कळू नये, असा त्यातील एक भाव आहे. कुंडाच्या कडेवरून पाणी ओघळते तेव्हा त्या ओळींचा अर्थ समोरच घडत असतो. अशी योजना बांधणीआधीच ठरवावी लागते, ती मागाहून चिकटवता येत नाही.