पाकोळीची वीट : पण पाकोळी म्हणजे नक्की कोण?

शाईदौत
नमस्कार मंडळी. एका शब्दावर गाडी अडली आहे. शहरातल्या इमारती पशुपक्ष्यांना सामावून घेतील अशा कशा बांधाव्यात, यावरच्या एका पुस्तिकेचा अनुवाद करते आहे. वाचणार आहेत गवंडीकाम शिकणारी मुलं, त्यामुळे भाषा जड नको. त्यात एक वस्तू येते. आकाराने विटेसारखीच, पण आतून पोकळ, बाहेरच्या अंगाला एक आडवं लांबट भोक. भिंत रचतानाच ती इतर विटांच्या ओळीत बसवायची आणि पक्ष्याने आत घरटं करायचं. इंग्रजीत तिला ‘स्विफ्ट ब्रिक’ म्हणतात. स्विफ्ट म्हणजे पाकोळी, म्हणून मी ‘पाकोळीची वीट’ असं केलं.

मसुदा तपासणाऱ्या बाईंनी शेजारी लाल शाईने लिहिलं : ‘पाकोळी म्हणजे लहान वटवाघूळ. पक्ष्याला दुसरा शब्द घ्या.’ पक्ष्यांच्या मराठी नावांच्या याद्यांत पाकोळी सर्रास येते, हे मी त्यांना दाखवलं. त्यावर उत्तर, ‘याद्या करणाऱ्यांनी आमचा शब्द पळवला.’ तुमच्याकडे पाकोळी कोण?

जाता जाता : ‘बायोफिलिक’, म्हणजे निसर्गाला जवळ करणाऱ्या इमारतीला काय म्हणावं? ‘जैवस्नेही’ नको, प्लीज.

माजघर
बाईंचं बरोबर आहे. पाकोळी म्हणजे वटवाघूळच, पण धाकटं. दिवेलागणीला घरात शिरतं आणि आढ्याभोवती गरागरा फिरत राहतं ते. मोठं ते वटवाघूळ, छोटी ती पाकोळी. पक्ष्याला पाकोळी म्हटलेलं मी तरी घरात कधी ऐकलं नाही.

रिकामटेकडा
आमच्या आजोळी पाकोळी म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग. झाले तीन उमेदवार. आता विटा किती प्रकारच्या पाडायच्या?

हलंत
यात गोंधळ काहीच नाही. संस्कृत ‘पक्ष’ म्हणजे पंख. पाख, पाखरू, पंख, पाकळी, पाकोळी हा सगळा एकच गोतावळा असावा. ‘पंख असलेले लहानसे काही’ एवढाच पाकोळीचा मूळ अर्थ धरला, तर तिन्ही वापर आपोआप बसतात. म्हणून नेमकेपणा हवा असेल तिथे हा शब्द निरुपयोगी आहे. पक्ष्यांना राहण्यासाठी इमारतीत मुद्दाम केलेल्या जागेला आपल्याकडे शब्द नाही, असे समजण्याचेही कारण नाही. अमरकोशात ‘कपोतपालिका’ आहे आणि तिचाच पर्याय म्हणून ‘विटंक’ आहे. विटंक घ्या. सुटसुटीत आहे आणि दोन हजार वर्षे नाही तरी बरेच शतके घासून आलेला आहे.

रिकामटेकडा
अरे वा! म्हणजे विटंकावरूनच ‘वीट’ आला म्हणायचा! पक्षी राहतो ती वीट. चर्चा संपली, चहा आणा.

हलंत
वीट ‘इष्टका’वरून आली आहे. थट्टेतसुद्धा असली व्युत्पत्ती लिहू नका, पुढच्या वर्षी कुणीतरी ती खरी म्हणून पुढे ढकलेल.

दुर्बीण
माजघर ताई, तुमचा अर्थ जुना असेल, मला मान्य आहे. पण पक्षी पाहणाऱ्यांत पाकोळी हा शब्द आता इतका मुरला आहे की तो काढून घेणं शक्य नाही. आणि पळवापळवीचं म्हणाल तर नीट पाहून ठेवलेलं नाव आहे. संध्याकाळी उंच इमारतीपाशी कोयत्याच्या पात्यासारखे पंख करून ओरडत घिरट्या घालणारी टोळी पाहिली, तर अंधूक उजेडात ती वटवाघळं की पक्षी हे पहिल्या नजरेला कळतच नाही. नाव एकीकडून दुसरीकडे गेलं ते उगाच नाही.

शिवाय ‘भिंगरी’ हा पर्याय कुणी सुचवायच्या आधीच सांगतो, भिंगरी वेगळी. ती तारेवर ओळीने बसते. पाकोळीला तसं बसताच येत नाही. तिचे पाय इतके आखूड की शास्त्रीय नावातच ‘आपुस’ आहे, ग्रीकमध्ये ‘बिनपायाची’. चारही बोटं पुढे वळवून ती खरबरीत भिंतीला लटकते आणि उडायचं झालं की उंचावरून स्वतःला खाली सोडून देते. युरोपातली साधी पाकोळी घरटं सोडल्यावर वर्षातले दहा महिने जवळजवळ न टेकता हवेत काढू शकते, हे पाठीवर बांधलेल्या बारीक यंत्रांवरून २०१६ मध्ये दाखवलं गेलं.

शाईदौत, हे पुस्तिकेत असेलच, तरी तपासा : विटेचं भोक साधारण ६५ मिलिमीटर रुंद आणि २८ ते ३० मिलिमीटर उंच. जमिनीपासून निदान ५ मीटर वर, आणि खाली झाड, छज्जा, तार काही नको, कारण बाहेर पडताना ती आधी खालीच येते. भोकापुढे बसायला दांडी तर अजिबात नको. कुणीतरी हौसेने चित्रात दांडी काढतंच. पाकोळीला तिचा उपयोग शून्य, आणि अंडी खायला येणाऱ्याला मात्र आयती पायरी.

शाईदौत
चित्रात दांडी आहे. 🙂 कळवते त्यांना.

ओळंबा
मी बांधकामातला माणूस. साइटवर विटंक कुणी म्हणणार नाही आणि पाकोळीही कुणी म्हणणार नाही. लोक ‘भोकाची वीट’ म्हणतील, आणि तिथेच घोटाळा होईल. वजन कमी करायला आरपार भोकं पाडलेल्या विटा बाजारात आहेतच. ‘पोकळ वीट’ही चालणार नाही, पोकळ ब्लॉक वेगळा. मिस्त्री नेमकी ती उचलून आणेल, भोक प्लास्टरने भरेल आणि काम चोख झालं म्हणून सांगेल. (भोक भरणं हे आमच्या धंद्यात पुण्यकर्म आहे. भिंतीत फट दिसली की हात आपोआप थापीकडे जातो.)

आणि माजघर ताईंचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. शाईदौत, तुमच्या पुस्तिकेत वटवाघळांच्या जागाही आहेत का? असतील तर पाकोळी शब्द धोक्याचा आहे. वटवाघळाची फट खालून असते, १५ ते २० मिलिमीटर, आतली बाजू नखं रुतावीत इतकी खरबरीत. पक्ष्याचं भोक समोरून. एकच नाव दोघांना लागलं तर चुकीची वस्तू चुकीच्या जागी बसेल. अमेरिकेत ऑस्टिनला १९८० मध्ये एका पुलाची दुरुस्ती झाली, तुळयांमध्ये अरुंद खोल फटी राहिल्या. कुणी ठरवून केलं नव्हतं. माप वटवाघळांना इतकं बरोबर बसलं की आज तिथे उन्हाळ्यात पंधरा लाखांपर्यंत वटवाघळं असतात. फटीचं माप हेच सगळं काही.

शाईदौत
आहेत ना. पुढच्याच पानावर ‘बॅट बॉक्स’. त्याला मी ‘वटवाघळांची पेटी’ केलं आहे.

रिकामटेकडा
पेटी म्हटल्यावर त्यांना मतदानाला बोलावल्यासारखं वाटतं.

माजघर
‘खोपा’ का नाही घेत? खोप्याची वीट. मुलांना कळेल, मिस्त्रीला कळेल, आणि कोण राहील ते त्या राहणाऱ्याला ठरवू दे. आम्ही वळचणीला कधी पाटी लावली नव्हती. चिमणी यायची, पारवा यायचा, पाकोळीही लटकायची (माझीवाली). आता स्लॅब आला आणि वळचणच गेली, म्हणून तुम्हाला विटेला नाव शोधावं लागतंय.

दुर्बीण
खोपा सुगरणीचा. विणलेला. विटेत खोपा कसा?

माजघर
आमच्याकडे केसांचाही खोपा असतो, तिथे सुगरण येत नाही.

हलंत
वळचण! काय शब्द आठवलात. आता तो फक्त राजकारणात उरला आहे. अमका पक्ष तमक्याच्या वळचणीला गेला. छपराचा खालचा, भिंतीबाहेर आलेला काठ हा अर्थ विशीतल्या मुलांना विचारून पाहा.

रिकामटेकडा
थोडक्यात, पक्ष वळचणीला आणि पक्षी उघड्यावर.

हलंत
हे मात्र बरे जमले.

ओळंबा
वळचण नुसती स्लॅबने गेली नाही. कौलारू छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये फट राहायचीच. आता थंड प्रदेशात ऊब टिकवायला आणि गरम प्रदेशात एसीची हवा टिकवायला इमारत हवाबंद करतात. विजेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, मीही करतो. पण फटी बुजवल्या की त्यात राहणारे बाहेर. म्हणून ही वीट. तिचा कप्पा आतल्या बाजूने बंद असतो, त्यामुळे घरात ना वारा येतो ना पिसं. इंग्लंडमध्ये ब्रायटनने २०२० पासून ठरावीक उंचीच्या वरच्या नव्या इमारतींना ती घालायची अट घातली आहे.

शाईदौत
माहिती भरपूर मिळते आहे, आभार. पण ‘बायोफिलिक’चं काय?

हलंत
‘जीवस्नेही’.

माजघर
‘स्नेही’ लागलेलं काहीही मला औषधाच्या जाहिरातीसारखं वाटतं. पर्यावरणस्नेही, ग्राहकस्नेही, आता जीवस्नेही. ‘जिव्हाळा’ आहे की आपला. विहिरीच्या तळाला जिवंत झरा असला की तिला जिव्हाळा आहे म्हणायचे, नख फार खोल कापलं की जिव्हाळी लागलं म्हणायचे. जीव जिथे उघडा असतो ती जागा. जिव्हाळ्याची इमारत!

रिकामटेकडा
‘जिव्हाळा अपार्टमेंट’ या नावाची इमारत प्रत्येकाने पाहिली असेल. तिथे झाडाची कुंडीसुद्धा जिन्यात ठेवू देत नाहीत.

दुर्बीण
मूळ शब्द मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉमने वापरला, जीवनाबद्दलची ओढ या अर्थाने. जीवशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सनने १९८४ मध्ये त्याच नावाचं पुस्तक लिहून तो जीवशास्त्रात आणला : माणसाला इतर सजीवांकडे उपजत ओढ असते, असं त्याचं म्हणणं. म्हणजे जिव्हाळा अगदीच चुकीचा नाही. त्याच वर्षी रॉजर उल्रिकचा रुग्णालयावरचा अभ्यास आला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. दुसऱ्या गटाच्या खिडकीतून काय दिसत होतं, ठाऊक आहे? विटांची भिंत.

रिकामटेकडा
विटंक नव्हते ना तिच्यात, म्हणून.

ओळंबा
दुर्बीण यांनी जे सांगितलं त्यातच माझी तक्रार आहे. त्या अभ्यासात बरं कोण झालं? माणूस. झाड खिडकीबाहेरचं चित्र. ‘बायोफिलिक’ म्हणून जे काही आमच्या टेबलावर येतं त्यात नव्वद टक्के माणसाच्या डोळ्यांना गार वाटावं एवढंच असतं. लॉबीत हिरवी भिंत, गच्चीत लॉन, वर काचेचा पडदा. एक मुंगी त्यात राहू शकत नाही. शाईदौत यांची वीट त्याच्या नेमकी उलट आहे. ती बाहेरून नजरेत भरतही नाही, राहणाऱ्या माणसाला तिचा काही फायदा नाही, फायदा पाकोळीला. या दोन गोष्टींना एकच मराठी शब्द देणं म्हणजे लबाडीला मदत करणं. मिलानच्या ‘बोस्को व्हर्टिकाले’सारखी, २०१४ मध्ये पुरी झालेली, दोन मनोऱ्यांच्या गॅलऱ्यांत मिळून आठशेच्या आसपास झाडं असलेली इमारत मधली म्हणता येईल, तिथे पक्षी खरोखर येतात. पण तिची नक्कल करणारे संगणकावर झाडं चिकटवून मोकळे होतात.

आणि काच. समोर झाडं लावायची, मागे आरशासारखी काच उभी करायची. पक्ष्याला काचेतही झाडच दिसतं. अमेरिकेत इमारतींवर आदळून दरवर्षी ३६.५ कोटी ते जवळपास १०० कोटी पक्षी मरतात, असा २०१४ चा अंदाज आहे. या इमारतीला मी जीवस्नेही म्हणू? जिव्हाळ्याची म्हणू?

माजघर
ओळंबा, रागावलात. पण मुद्दा पटला. मग दोन शब्द करा. माणसासाठी ‘हिरवाईची इमारत’, जिवांसाठी ‘वसतीची इमारत’.

हलंत
‘वसती’ माणसांची. पक्ष्यांचा ‘अधिवास’.

माजघर
अधिवास हा दाखला असतो.

रिकामटेकडा
व्हिएन्नातला चित्रकार हुंडर्टवासर खिडकीतून बाहेर डोकावणाऱ्या झाडांना ‘भाडेकरू’ म्हणायचा. १९८५ चं त्याचं घर अजून तसंच आहे. मराठीत त्याला ‘कूळ’ म्हणावं असा माझा ठराव. झाड कूळ, पाकोळी पोटकूळ. एकदा लागलं की मालकाला निघत नाही.

दुर्बीण
पाकोळीच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे, ती त्याच भोकात वर्षानुवर्षं परत येते.

शाईदौत
काचेचा उल्लेख निघालाच आहे तर : पुस्तिकेत ‘बर्ड-फ्रेंडली ग्लास’ आहे. ‘पक्षीस्नेही काच’ लिहिलं होतं. आता ‘स्नेही’ काढू?

हलंत
‘स्नेही’चे नंतर पाहू. आधी ‘पक्षिस्नेही’ करा. मंत्रिमंडळ, विद्यार्थिगृह, पक्षिमित्र. अशा शब्दांच्या समासात पहिल्या पदाचा शेवट ऱ्हस्व.

दुर्बीण
आमच्या मंडळाच्या फलकावर ‘पक्षीमित्र’ आहे आणि एकही पक्षी तक्रार घेऊन आलेला नाही.

हलंत
पक्षी वाचत नाहीत. मुले वाचतात.

माजघर
‘ठिपक्यांची काच’ म्हणा ना सरळ. काचेवर ठिपके असतात ना? मग ऱ्हस्व-दीर्घाचा तंटाच मिटला.

ओळंबा
ठिपके किंवा रेषा, काचेच्या बाहेरच्या अंगावर, कारण प्रतिबिंब तिथेच पडतं. दोन ठिपक्यांत ५ सेंटिमीटरहून जास्त अंतर नको, त्याहून मोठ्या जागेतून पक्षी निघून जायला बघतो. ससाण्याचं एखादं स्टिकर लावून काही होत नाही, त्याला वळसा घालून बाजूच्या काचेवर आदळतात. न्यूयॉर्क शहराच्या २०२० च्या कायद्याने नव्या इमारतींच्या खालच्या ७५ फुटांना अशी काच लागते. ‘ठिपक्यांची काच’ मला चालेल.

हलंत
मला चालणार नाही. ठिपक्यांची काच म्हटल्यावर बाथरूमची खिडकी डोळ्यांसमोर येते.

ओळंबा
तिला दुधी काच म्हणतात. आणि बाहेरच्या अंगाने धुरकट केलेली असेल तर पक्षी तिच्यावरही आदळत नाहीत, कारण तिच्यात झाड दिसत नाही. म्हणजे हलंत, तुमची बाथरूमची खिडकी आत्ताच नियमात बसते.

हलंत
‘धुरकट’वर वेगळा धागा काढतो.