जो कॅनिंगला एवढं मोठं का मानतात? मोठी ट्रॉफी तर एकच आहे (हर्लिंग)

लश्करवाला_अन्या
मंडळी, प्रश्न जरा आडवळणाचा आहे पण इथे हॉकी-क्रिकेटवरून रात्ररात्र भांडणारे लोक आहेत म्हणून इथेच टाकतो. ताई आयर्लंडला गॉलवेमध्ये असते, तिच्या नादाने मला हर्लिंग बघायचा चस्का लागलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, हातात लाकडी काठी, बॉल जास्त करून हवेतच, हातातही घेता येतो पण चार पावलांच्या वर नाही, एका टीमचे १५ जण, ७० मिनिटांची मॅच, गोलपोस्ट इंग्रजी एच सारखा. आडव्या दांडीच्या खालून गेला तर गोल म्हणजे ३ पॉइंट, वरून गेला तर १. स्कोअर २-१२ असा लिहितात म्हणजे २ गोल आणि १२ पॉइंट, एकूण १८.

तर तिकडे जो कॅनिंगचं नाव काढलं की लोक हळवेच होतात. फॉरवर्ड, गॉलवेकडून सीनियरमध्ये २००८ ते २०२१ खेळला. मी जरा खोदून बघितलं तर ऑल-आयर्लंड म्हणजे तिथली सगळ्यात मोठी ट्रॉफी फक्त एकदा, २०१७. आणि किलकेनीचा हेन्री शेफ्लिन, तोही फॉरवर्डच, त्याच्याकडे १०. दहा! भाऊजींना म्हटलं एक आणि दहामध्ये काय तुलना करताय, तर फोनवरच चिडले, म्हणाले तू आधी मॅच बघ मग बोल. आता चिडण्यासारखं काय होतं त्यात ते कोणीतरी समजावून सांगा.

दौलतगंज_टू_डब्लिन
अन्या, भाऊजींचं बरोबर आहे रे, पण मी चिडत नाही, सांगते.

पहिली गोष्ट, इथे कोणी कोणाला विकत घेत नाही. सगळे हौशी, पगार नाही, रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमला ८० हजार लोकांसमोर खेळायचं आणि सोमवारी आपापल्या कामावर हजर. ज्या गावात वाढलास तो तुझा क्लब आणि तो ज्या काउंटीत ती तुझी काउंटी, साधारण असाच हिशेब. कॅनिंग पोर्टुम्नाचा, म्हणून गॉलवेचा. शेफ्लिन बालीहेलचा, म्हणून किलकेनीचा. आता शेफ्लिनचा काळ बघ, ब्रायन कोडीसारखा मॅनेजर, मागे टॉमी वॉल्श, जेजे डिलेनी, बाजूला एडी ब्रेनन, २००६ ते २००९ सलग चार कप. म्हणजे तो मोठा नाही असं नाही हां, पण तो ज्या टीममध्ये होता ती टीम बघ.

आणि गॉलवे? शेवटचा कप १९८८ च्या सप्टेंबरमध्ये. कॅनिंगचा जन्म १९८८ च्या ऑक्टोबरचा. म्हणजे कप आला आणि महिन्याभरात हा जन्मला, आणि पुढचा कप आणायला त्यालाच २९ वर्षांचं व्हावं लागलं (वाढदिवसाला थोडे दिवस बाकी होते, पण समजून घे). मधे त्याचा थोरला भाऊ ऑली, तो डिफेन्डर, चार वेळा ऑल-स्टार (वर्षातल्या सर्वोत्तम पंधरा जणांत निवड), २००१ आणि २००५ च्या फायनलला उतरला आणि दोन्ही हरला. हे घरातच बघत मोठा झालेला मुलगा आहे तो.

वयोगटात तर त्याने धुमाकूळ घातला होता, मायनरचे (१८ खालच्यांचे) २००४ आणि २००५ चे कप, मग २००७ चा अंडर-२१. क्लबांची ऑल-आयर्लंड वेगळी असते, त्यात पोर्टुम्नाकडून चार, २००६, २००८, २००९, २०१४. त्यामुळे २००८ ला सीनियरमध्ये आला तेव्हा अख्खी काउंटी त्याच्याकडे डोळे लावून बसलेली, वय १९. आणि त्याच उन्हाळ्यात कॉर्कविरुद्ध त्याने एकट्याने २-१२ मारले. गॉलवेचा टोटल स्कोअर २-१५. हिशेब कर, २१ पैकी १८ या पोराचे. तरी हरले, कॉर्क ०-२३. तिथपासून पुढची नऊ वर्षं साधारण हीच कहाणी.

आकडेबाज_पंत
ताई तुम्ही सुंदर लिहिलंत पण मला पटत नाही. टीम चांगली होती म्हणून शेफ्लिनला १० मिळाले हे अर्धसत्य आहे. टीम चांगली झाली कोणामुळे? तीनदा हर्लर ऑफ द इयर (२००२, २००६, २०१२), ११ ऑल-स्टार. २००७ च्या फायनलमध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं, परत आला. २०१० ला कॉर्कविरुद्ध सेमीत पुन्हा तेच दुखणं, आणि हा माणूस फायनलला उतरला, १५ मिनिटंही टिकला नाही, टिपररीने किलकेनीचा सलग पाचवा कप हुकवला. त्यानंतर पुन्हा उभा राहून २०११, २०१२, २०१४. त्यातला २०१४ चा तर बेंचवरून आला, पण आला. कॅनिंगकडे यातलं काय आहे?

दुसरं म्हणजे कॅनिंगचे बरेचसे पॉइंट फ्रीचे आहेत. फाउल झाला, बॉल ठेवला, मारला. असा स्कोअर मोजून महान ठरवायचं असेल तर हॉकीत सगळे पेनल्टी कॉर्नरवालेच महान.

कंपूचे_काका
पंत, हॉकीला मधे ओढलंत म्हणून बोलतो, नाहीतर मी आपला वाचत होतो. आयुष्य कंपूच्या मैदानावर गेलं माझं.

फ्रीचे स्कोअर स्वस्त असतात हे खेळलेला माणूस म्हणणार नाही. सगळं मैदान थांबलंय, समोरचे बडबडतायत, पाय जड झालेत आणि बॉल हलत नाहीये, अशा वेळी मारणं हे पळता पळता मारण्यापेक्षा वेगळ्या धातूचं काम आहे. आणि शेफ्लिन काय फ्री घेत नव्हता? तोच घ्यायचा ना किलकेनीकडून. मग वजा करायचे तर दोघांचे करा.

आणि नुसत्या मेडलने माणूस मोजायचा तर आपल्याच गावात बघा. कॅप्टन रूपसिंग, १९३२ ला लॉस एंजेलिसला अमेरिकेवर २४-१, त्यातले १० गोल रूपसिंगचे, ध्यानचंदांचे ८. १९३६ ला पण सोनं. पुढे सगळं आयुष्य इथे ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी. आज स्टेडियमला नाव आहे, ते मूळचं हॉकीचंच मैदान, पण नव्या पोरांना विचारा रूपसिंग कोण तर सांगतील सचिनने २०० केले ते स्टेडियम. ज्याच्या मेडलला तोटा नाही त्याचं हे, तर एकवाल्याचं काय घेऊन बसलात.

अन्या, मला एक सांग, मी तुझ्या सांगण्यावरून दोन क्लिपा बघितल्या, त्यात हा माणूस बाउंड्रीवरून जमिनीवरचा बॉल थेट पोस्टमध्ये घालतो ते नक्की काय आहे? हॉकीत असं काही बघितलं नाही मी.

लश्करवाला_अन्या
काका त्याला साइडलाइन कट म्हणतात. एवढं मला माहीत आहे, बाकी दौलतगंजताई सांगतील. पण पंतांचा मुद्दा मला अजून जड वाटतोय खरं सांगायचं तर.

दौलतगंज_टू_डब्लिन
काका, त्याच्यासाठी तर लोक पावसात उभे राहायचे.

बॉल बाहेर गेला की समोरच्या टीमला साइडलाइनवरून मारायला मिळतो. बॉल गवतावर ठेवलेला, हात लावायचा नाही, काठीने उचलून घ्यायचाही नाही, आहे तिथून पडल्या बॉललाच मारायचं. बॉल ११०-१२० ग्रॅमचा, आत कॉर्क, वर चामडं आणि त्याला उंच उठलेली शिवण. कॅनिंग बॉलच्या बाजूला आडवा उभा राहायचा, दोन पावलं, आणि काठीचं पातं कलतं धरून बॉलच्या बुडाखालून गवतासकट कापत न्यायचा. सपाट लागलं तर बॉल सरपटत जातो, फार खाली गेलं तर नुसती माती उडते. बरोबर बसलं की बॉल गरगरत उठतो, आधी बाहेर जातोय असं वाटतं आणि मग हवेतच आत वळतो. दोन खांबांमधलं अंतर साडेसहा मीटर. इथे चांगल्या चांगल्या काउंटी प्लेयरला मॅचमध्ये असा एक पॉइंट मिळाला तर लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. कॅनिंगने २०२० च्या सेमीफायनलला लिमरिकविरुद्ध असे चार मारले. चार. नोव्हेंबरचा महिना, कोविडमुळे रिकामं क्रोक पार्क. आणि त्याच मॅचमध्ये शेवटी शेवटी आपल्याच टीमच्या खेळाडूशी टक्कर होऊन स्ट्रेचरवरून बाहेर. ०-१२ मारून. गॉलवे ३ पॉइंटनी हरलं.

पंत, तुम्ही विचारलंत ना कॅनिंगकडे यातलं काय आहे. २०१२ घ्या. गॉलवे तोपर्यंत कधीच लेन्स्टर, म्हणजे त्या प्रांताची स्पर्धा, जिंकलं नव्हतं (खरं तर ते कॉनॉट प्रांतातलं, पण तिकडे हर्लिंगला तगडी टीमच नाही म्हणून २००९ पासून लेन्स्टरमध्ये खेळायला लागले). फायनलला समोर तुमचं किलकेनी, कोडी, शेफ्लिन सगळे. २-२१ विरुद्ध २-११ असं धुतलं, त्यात कॅनिंगचे १-१०. मग त्याच वर्षी ऑल-आयर्लंड फायनलला परत तेच दोघे. शेवटाला किलकेनीला पेनल्टी मिळाली आणि शेफ्लिनने गोलचा नाद न करता बॉल वरून घालून १ घेतला, त्यावरून इथे अजून पबमध्ये वाद होतात. आणि इंज्युरी टाइममध्ये कॅनिंगने फ्रीवर बरोबरी केली. थोडक्यात दोन्ही फ्रीवाले दोन टोकांना. बरोबरी झाली म्हणून फायनल पुन्हा खेळवली, त्या रिप्लेत किलकेनी जिंकलं, तेही मान्य.

पण २०१७ चा सेमी मात्र फ्रीचा नाही हां. गॉलवे-टिपररी, लागोपाठ तिसऱ्या वर्षी सेमीला हेच दोघे. २०१५ ला गॉलवे १ ने जिंकलं, २०१६ ला टिपररी १ ने, आणि त्यात कॅनिंग हॅमस्ट्रिंग जाऊन हाफटाइमलाच संपला होता, पुढे ऑपरेशन. २०१७ ला इंज्युरी टाइममध्ये स्कोअर सारखा, बॉल उजव्या साइडलाइनला चिकटून त्याच्याकडे आला, अंगावर माणूस, पोस्ट तिरका, आणि याने वळून मारला तो मधोमध. ०-२२ विरुद्ध १-१८. पुन्हा १ चाच फरक. तो व्हिडिओ गॉलवेत प्रत्येकाच्या फोनमध्ये असणार, अन्याच्या भाऊजींच्या पण.

त्यानंतर काहीच दिवसांत टोनी कीडी गेला, १९८८ च्या टीमचा, त्या वर्षीचा हर्लर ऑफ द इयर. फायनल ३ सप्टेंबरला वॉटरफर्डविरुद्ध, ०-२६ विरुद्ध २-१७, एकही गोल न मारता जिंकले. कॅनिंगचे ९. हर्लर ऑफ द इयर पण तोच. तुम्ही त्याला एक म्हणता, इथे २९ वर्षांचा हिशेब चुकता झाला म्हणतात.

राजवाडा_५६
इंदूरकराने मधे तोंड घातलं तर चालेल ना ग्वाल्हेरकरांनो? मला हर्लिंगचं ह की ठो कळत नाही पण हे सगळं वाचून आपला देवेंद्र बुंदेलाच आठवला. मध्य प्रदेशकडून १४५ रणजी मॅच, तेव्हाचा विक्रम, आणि रणजी एकदाही नाही. तो गेला २०१८ ला आणि २०२२ ला एमपीने मुंबईला हरवून रणजी घेतली. आता मुंबईच्या बेंचवरच्या पोराकडे पण रणजीचं मेडल असतं, म्हणून तो बुंदेलापेक्षा मोठा का? पंत उत्तर द्या.

आकडेबाज_पंत
बेंचवरचा पोरगा आणि शेफ्लिन यात फरक आहे राजवाडासाहेब, तुम्ही सोयीचं उदाहरण घेताय. शेफ्लिन ती टीम चालवत होता.

बाय द वे आकडे मी पण काढले आता. चॅम्पियनशिपमध्ये शेफ्लिनचे २७-४८४ म्हणजे ५६५, कॅनिंगचे २७-४८६ म्हणजे ५६७. गोल दोघांचे सारखे! जुलै २०२१ ला वॉटरफर्डविरुद्ध कॅनिंगने ते रेकॉर्ड मोडलं, गॉलवे हरून बाहेर पडलं आणि त्याच आठवड्यात वयाच्या ३२ व्या वर्षी याने रिटायरमेंट जाहीर केली. हे मला जरा खटकतं. रेकॉर्ड झालं आणि निघाले. शेफ्लिन ३६ पर्यंत थांबला.

दौलतगंज_टू_डब्लिन
पंत तुम्ही पण ना. तेरा-चौदा वर्षं नोकरी सांभाळून, २०१९ ला मांडीच्या सांध्याचं दुखणं घेऊन जवळजवळ सगळा सीझन बाहेर, २०२० ला डोक्याला मार, आणि तुम्ही म्हणताय निघाले. रेकॉर्ड तर पुढे कॉर्कच्या पॅट्रिक हॉर्गनने मोडलंच, आणि हॉर्गनकडे ऑल-आयर्लंड किती माहितीये? शून्य. घ्या आता तुमच्या फूटपट्टीत बसवून.

आणि गंमत सांगते, कॅनिंग रिटायर झाला आणि त्याच वर्षी गॉलवेने नवा मॅनेजर आणला. कोण? हेन्री शेफ्लिन. २०२४ पर्यंत होता. कप काही आला नाही.

कंपूचे_काका
हे बेस्ट झालं 😄

लश्करवाला_अन्या
मॅनेजरवालं खरंच माहीत नव्हतं, आज भाऊजींना फोन लावतो. मी पंतांच्या बाजूने होतो, आता कुंपणावर आहे. एक राहिलं, २०१८ ला पण गॉलवे फायनलला होतं ना? तिथे काय झालं? ताई त्यावर काही बोलतच नाहीत 😀

दौलतगंज_टू_डब्लिन
बोलत नाही कारण माझ्या नवऱ्याचं घर लिमरिकचं आहे. ३-१६ विरुद्ध २-१८, लिमरिक १९७३ नंतर पहिल्यांदा जिंकलं, १ ने. गॉलवे बरंच मागे होतं, शेवटी कॅनिंगने फ्रीवर गोल मारून फरक १ वर आणला आणि अगदी शेवटचा फ्री पण त्यालाच मिळाला, स्वतःच्या हाफमधून, फार लांब. सासरे उठून बाहेर गेले होते, बघवेना म्हणून. थोडा कमी पडला, पोस्टपुढे घोळका झाला आणि लिमरिकने काढून टाकला.

काका तुम्ही तो २०२० चा सेमी आधी बघा, पूर्ण. कट बघायचे असतील तर स्लो करून बघा, डावा पाय बॉलपासून किती लांब ठेवतो तो.