‘ट्रिक प्ले’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :
अमेरिकन फुटबॉलमधल्या ‘ट्रिक प्ले’ला मराठी शब्द हवा आहे. कुठे ‘हुलकावणी’ वाचले, कुठे ‘फसवी चाल’, कुठे नुसतेच ‘युक्ती’. प्रशिक्षक असे डाव संघाकडून कसे करून घेतात यावर लिहायचे आहे, म्हणून सरावाच्या संदर्भातही चालेल असा शब्द सुचवावा.

प्रतिसाद :
‘हुलकावणी’ नको. हुलकावणी एकटा खेळाडू देतो, अंगाने देतो आणि ऐन वेळी सुचेल तशी देतो. कबड्डीत चढाईला गेलेला गडी पायाची हूल देतो, खो-खोत पळणारा खांबाजवळ हुलकावणी देऊन निसटतो. अमेरिकन फुटबॉलमध्येही रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) डावीकडे खांदा टाकून उजवीकडे सुटतो, पण त्याला कोणी ट्रिक प्ले म्हणत नाही. ट्रिक प्ले हा प्रतिस्पर्ध्याला चुकवायला अकराही जणांनी आधी बसवलेला डाव असतो.

सगळ्यांना माहीत असलेले उदाहरण घेऊ. ४ फेब्रुवारी २०१८, मिनियापोलिस, सुपर बोल, म्हणजे एनएफएल या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना. फिलाडेल्फिया ईगल्स १५-१२ ने पुढे, मध्यंतराला ३८ सेकंद बाकी, चौथा डाऊन (चेंडू पुढे नेण्याचा शेवटचा प्रयत्न) आणि गोलरेषा एक यार्डावर. अशा वेळी बरेच प्रशिक्षक किक मारून तीन गुण घेतात. ईगल्सचे प्रशिक्षक डग पीटरसन यांनी ‘फिली स्पेशल’ खेळायला लावला. क्वार्टरबॅक (डाव चालवणारा, एरवी पास फेकणारा खेळाडू) निक फोल्स पुढच्या फळीतल्या खेळाडूंना काही सांगायला जावे तसा पुढे गेला आणि तिथेच थांबला. स्नॅप, म्हणजे डाव सुरू करताना मागे दिलेला चेंडू, थेट कोरी क्लेमेंटकडे गेला. तो डावीकडे धावला, उलट दिशेने येणाऱ्या ट्रे बर्टनला त्याने चेंडू दिला आणि बर्टनने एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात) मोकळ्या उभ्या फोल्सकडे पास फेकला. टचडाऊन, म्हणजे सहा गुण. ईगल्सनी तो सामना ४१-३३ असा जिंकला.

यात प्रशिक्षकाचे काम कुठे कुठे आहे ते पाहा. बर्टन टाइट एंड (फळीच्या टोकाला राहून अडवणारा आणि पास झेलणारा) होता, पण शाळेत क्वार्टरबॅक म्हणून खेळलेला, म्हणून पास त्याच्या हाती. एका डाऊनमध्ये पुढे फेकलेला पास एकच चालतो, म्हणून आधीची देवाणघेवाण पुढच्या दिशेने नाही. एनएफएलच्या नियमाप्रमाणे सेंटरला (स्नॅप देणाऱ्याला) खेटून उभा राहिलेला क्वार्टरबॅक पास झेलू शकत नाही, म्हणून फोल्स आधी मागे उभा. नियम तोंडपाठ असल्याशिवाय असा डाव रचताच येत नाही.

आता शब्द. माझी पसंती ‘चकवा’, लांबवायचे असेल तर ‘चकव्याचा डाव’. रानात चकवा लागलेल्या माणसाला कोणी ओढून नेत नाही, तो ओळखीची वाट समजून स्वतःच चुकीकडे चालत राहतो. बचाव करणाऱ्यांचे नेमके हेच होते. गार्ड (सेंटरच्या बाजूचा खेळाडू) कुठे सरकला, चेंडू कोणाकडे गेला, यावरून धाव की पास हे ओळखायची सवय त्यांना लावलेली असते. चकवा ती सवयच वापरतो. म्हणून जो बचाव आपली जागा सोडून घाईने चेंडूमागे धावतो, तोच जास्त फसतो. ‘युक्ती’ या शब्दात हे काहीच येत नाही.

दुसरा प्रतिसाद :
‘डाव’ला माझी हरकत आहे. क्रीडापानाचा वाचक ‘पहिला डाव’, ‘डाव घोषित केला’ असे रोज वाचतो, त्याला डाव म्हणजे क्रिकेटची इनिंग. आणि ‘गनिमी कावा’ का नाही? १ जानेवारी २००७ च्या फिएस्टा बोल या महाविद्यालयीन सामन्यात बॉइसी स्टेटने बलाढ्य ओक्लाहोमाला ४३-४२ असे हरवले ते याच जोरावर. शेवटचे दोन गुण तर ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’वर : क्वार्टरबॅकने उजवा हात रिकामाच फेकला, चेंडू डाव्या हाताने पाठीमागे धरला आणि इयन जॉन्सन तो घेऊन एंड झोनमध्ये शिरला.

पहिल्यांचे उत्तर :
डावाचा अर्थ क्रियापदाने ठरतो. ‘डाव टाकला’, ‘डाव उलटला’ म्हटले की कुस्तीचा आखाडाच डोळ्यांपुढे येतो, क्रिकेट नव्हे. शिवाय कुस्तीत डावाबरोबर ‘तोड’ हा शब्द येतो, आणि तो इथे फार उपयोगी आहे. चित्रफिती पाहून प्रतिस्पर्धी तोड काढतात, म्हणूनच चकवा वर्षभर झाकून ठेवावा लागतो.

‘गनिमी कावा’ ही दुबळ्याने बलवानाशी लढायची पूर्ण रीत आहे. बॉइसी स्टेटच्या त्या दिवसाच्या खेळाला ते म्हणता येईल, पण एकेका प्लेला नाही. न्यू ऑर्लीन्स सेंट्सनी २०१० च्या सुपर बोलमध्ये उत्तरार्ध अचानक ऑनसाइड किकने (चेंडू परत आपल्यालाच मिळावा म्हणून मारलेल्या आखूड किकने) सुरू केला, तेव्हा ते काही दुबळे नव्हते.

तिसरा प्रतिसाद :
‘फसवी चाल’बद्दल कोणी बोलले नाही. माझ्या मते तो शब्द कटाक्षाने टाळावा, विशेषतः शाळकरी मुलांच्या खेळाबद्दल लिहिताना. अमेरिकन हायस्कूल फुटबॉलच्या नियमांबरोबर जी उदाहरणे दिलेली असतात त्यांत एक असे आहे : संघ किकसाठी उभा आहे, एक जण विचारतो, ‘टी (किकसाठी चेंडू ठेवायचा आधार) कुठे आहे?’, दुसरा ‘मी आणतो’ म्हणत बाजूला निघतो, तेवढ्यात चेंडू स्नॅप होतो आणि त्याच्याकडे पास जातो. हे खिलाडूवृत्तीला सोडून धरले आहे, त्यावर दंड आहे. चेंडू लपवणे, दिशा बदलणे हा खेळाचा भाग, पण खेळ थांबला आहे असे भासवणे ही लबाडी. पहिल्याला चकवा म्हणावे, दुसऱ्याला फसवणूक. मुलांना शिकवणाऱ्याच्या तोंडी हे दोन शब्द वेगळे असलेच पाहिजेत.

ही रेषा सरकतेही. जानेवारी २०१५ मध्ये न्यू इंग्लंडने बाल्टिमोरविरुद्ध शेन व्हेरीनला पास झेलण्यास अपात्र म्हणून कळवून बाजूला दूर उभे केले, आणि बचाव करणारे तरीही त्याच्यामागे गेले. ते तेव्हा नियमात होते. त्याच वर्षी एनएफएलने नियम बदलला.

पहिल्यांचे उत्तर :
पूर्ण सहमत. मूळ प्रश्नातला सरावाचा भाग राहिला. तिथे ‘बसवणे’ हे क्रियापद घ्या, नाटक बसवतात तसे. ‘चकवा बसवायला आठवड्यातला थोडाच वेळ मिळतो’, ‘चकव्याच्या आधी तशीच दिसणारी साधी धाव दोनतीनदा खेळून ठेवावी’, ‘पंचांना सामन्याआधी चकव्याची कल्पना द्यावी’, ही वाक्ये मला कुठेच अडखळत नाहीत. नेम चुकला तर ‘चकवा अंगाशी आला’. क्वार्टरबॅक जो थाइसमनचा पाय १९८५ मध्ये मोडला तो फ्ली फ्लिकरच्या डावातच : धावणाऱ्याकडून चेंडू परत त्याच्याकडे आला, पण बचाव करणारे फसले नव्हते आणि त्यांच्यातला लॉरेन्स टेलर त्याच्यापर्यंत पोहोचला. फ्ली फ्लिकर, फिली स्पेशल ही विशेषनामे मात्र तशीच ठेवावीत, भाषांतर करू नये.