स्पेनने विसरून कमावलं की गमावलं?

घाटवाट
सध्या विरोधी पक्षाच्या माणसाबरोबर चहा घेतला तरी ‘हा फुटला’ अशी बोंब उठते. हे पाहिलं की मला स्पेन आठवतो. १९३६ ते १९३९ यादवी, मग ती जिंकलेल्या जनरल फ्रँकोची ३६ वर्षांची हुकूमशाही. नोव्हेंबर १९७५मध्ये तो गेला तेव्हा पुन्हा रक्त सांडणार अशी धास्ती होती.

जानेवारी १९७७मध्ये माद्रिदच्या अतोचा रस्त्यावर अतिउजव्या बंदूकधाऱ्यांनी कामगारांच्या वकिलांच्या कचेरीत घुसून पाच जणांना मारलं. कम्युनिस्ट पक्षावर तेव्हा बंदी होती. अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली, पण कुणी सूड मागितला नाही. मुठी वर, तोंडं बंद. एप्रिलमध्ये पंतप्रधान अदोल्फो सुआरेस यांनी बंदी उठवली, आणि सुआरेस तर फ्रँकोच्याच राजवटीत वर आलेले! कम्युनिस्ट नेते सांतियागो कारियो यांनीही फ्रँकोनंतर गादीवर आलेला राजा आणि त्याचा झेंडा मान्य केला. ऑक्टोबरात माफीचा कायदा झाला, १९७८मध्ये राज्यघटना आली. जुनी मढी उकरत बसले असते तर यातलं काहीही झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

पारंब्या
माफी कुणी कुणाला दिली ते बघा ना. त्या कायद्याने राजकीय कैदी सुटले हे खरंच. पण तुरुंगात छळ करणारेही त्याच कायद्याच्या आड सुरक्षित झाले. जिंकलेल्यांच्या मृतांची नावं केव्हाच चर्चच्या भिंतींवर कोरली गेली होती. हरलेल्यांची प्रेतं रस्त्याकडेच्या खड्ड्यांत.

२०००मध्ये प्रियारान्सा देल बिएर्सो या गावाजवळ असा एक खड्डा उघडला. १३ सांगाडे निघाले. हे खोदकाम सरकारने केलं नव्हतं, आजोबांना शोधणाऱ्या एका नातवाने घडवून आणलं होतं. माद्रिदजवळच्या फ्रँकोच्या भव्य स्मारकात ३३,००० हून अधिक माणसं पुरलेली आहेत. त्यांतले कितीतरी प्रजासत्ताकवाले, म्हणजे हरलेल्या बाजूचे, घरच्यांना न विचारता आणून टाकलेले. आणि त्यांच्यामध्ये मानाच्या जागी फ्रँको स्वतः, थेट ऑक्टोबर २०१९पर्यंत. २००८मध्ये न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांनी या हत्यांची चौकशी उघडली, तर खटला त्यांच्यावरच झाला. त्यात ते २०१२मध्ये निर्दोष सुटले, पण चौकशी बुडाली ती बुडालीच. याला समेट म्हणायचं?

कृष्णाकाठ
तुम्ही दोघंही १९७५पासून सुरुवात करताय. आपल्या कामाचा भाग त्याआधीचा आहे. १९३३च्या निवडणुकीत उजवे जिंकले. पुढच्या वर्षी त्यांच्या मोठ्या पक्षाला मंत्रिपदं मिळाली, तर समाजवाद्यांनी उठाव पुकारला. आस्तुरियास प्रांतातल्या खाणकामगारांनी शस्त्रं उचलली, सैन्याने तो उठाव निर्दयपणे मोडून काढला. फेब्रुवारी १९३६मध्ये डावे जिंकले, तर सेनापती कट रचू लागले. १२ जुलैला डाव्यांच्या बाजूचा पोलीस अधिकारी कास्तियो मारला गेला, आणि त्याच रात्री त्याच्या सहकाऱ्यांनी विरोधी खासदार काल्व्हो सोतेलो यांना घरातून उचलून ठार केलं. आठवड्याच्या आत देशभर युद्ध. समोरचा जिंकला तर आपण संपलो, ही भावना दोन्हीकडे मुरली की मतपेटीला काय अर्थ उरतो?

पारंब्या
कृष्णाकाठ, घटना बरोबर आहेत, पण ‘दोघंही सारखेच’ हा सूर मला मान्य नाही. सोतेलोंच्या खुनाच्या कितीतरी आधीपासून जनरल मोला बंडाची आखणी करत होता. खून झाला नसता तरी बंड झालंच असतं. निवडून आलेलं सरकार कुणी पाडलं, हे सांगितल्याशिवाय त्या इतिहासातून काही शिकता येणार नाही.

घाटवाट
ते सांगाच. मी फक्त कधी, एवढंच विचारतोय. २३ फेब्रुवारी १९८१ला लेफ्टनंट कर्नल तेहेरो सत्ता उलथवायला पिस्तूल घेऊन संसदेत घुसला, छतावर गोळ्या झाडल्या. खासदार बाकांखाली गेले. खाली न वाकलेले तिघं म्हणजे सुआरेस, कारियो आणि जनरल गुतिएरेस मेयादो. मेयादो यादवीत फ्रँकोच्या बाजूचे, कारियो त्याच्या विरुद्ध बाजूचे! चार वर्षांपूर्वी जुने हिशेब काढले असते तर हे दोघं एका सभागृहात दिसलेच नसते.

पारंब्या
ते तिघं मलाही थोर वाटतात. १९७७मध्ये मी असते तर माफीच्या बाजूनेच मत दिलं असतं. पण ऑक्टोबर १९८२मध्ये समाजवाद्यांना २०२ जागांचं स्वच्छ बहुमत मिळालं. खड्डे तेव्हा का उघडले नाहीत?

घाटवाट
कारण त्याच महिन्यात आणखी एक लष्करी कट उघडकीस आला होता. समाजवादी पंतप्रधान गोन्झालेस यांनी आधी लष्कर ताब्यात आणलं, ते योग्यच केलं.

पारंब्या
आणलं, मान्य. पण १९८६मध्ये युद्धाला ५० वर्षं झाली, तेव्हा त्यांच्याच सरकारने हा प्रसंग स्मरण करण्याजोगा नाही असं जाहीर केलं. गोन्झालेस १९९६पर्यंत पंतप्रधान होते. खड्ड्यांतली आपली माणसं शोधायला नातेवाइकांना मदत करणारा देशपातळीवरचा कायदा आला २००७मध्ये. मधली सगळी वर्षं कुठल्या कटाची भीती होती?