दुर्गा खोटे यांचं नाटकातलं काम नक्की कसं होतं?

नवी_प्रेक्षक

नमस्कार मंडळी. दुर्गा खोटे म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई येते, नाहीतर 'बॉबी'तली आजी. परवा मामा सहज म्हणाला, "अगं, ती नाटकातली बाई. आनंदीबाई बघायची तर तिचीच." मला हे माहीतच नव्हतं. शोधायला गेले तर जिथे तिथे सिनेमांच्या याद्या. सिनेमातली एवढी मोठी नटी नाटकाकडे का वळली असेल? आणि ते काम कसं होतं, याचा अंदाज आज घेता येतो का? जाणकारांनी सांगावं.

तिसरी_घंटा

मामांचं निम्मं बरोबर आहे. आनंदीबाईचं अगदी बरोबर, पण दुर्गाबाई मूळच्या नाटकातल्या नव्हेत. त्यांचा रस्ता उलटा होता. त्या काळातली बहुतेक मंडळी संगीत नाटकातून बोलपटात गेली, अगदी बालगंधर्वसुद्धा. दुर्गाबाई आल्या त्या थेट कॅमेऱ्यासमोर. माहेरचं आडनाव लाड, वडील सॉलिसिटर, शाळा कॅथेड्रल, कॉलेज सेंट झेवियर्स. पुढे सासरचा पैसा गेला, पदरात दोन मुलगे, आणि १९३१ साली 'फरेबी जाल' नावाच्या चित्रपटात काही मिनिटांचं काम केलं. अशा घरातल्या बाईनं तोंडाला रंग लावायचा म्हणजे त्या वेळी काय होतं, ते 'मी दुर्गा खोटे' या त्यांच्या आत्मचरित्रात वाच. मी दोनदा वाचलंय आणि दोन्ही वेळा सुरुवातीच्या प्रकरणांपाशी थांबून राहिले.

मग १९३२ चा 'अयोध्येचा राजा'. प्रभात फिल्म कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती, दिग्दर्शन शांतारामबापूंचं, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गाबाई. प्रभातचा हा पहिला बोलपट. पार्श्वगायन अजून आलं नव्हतं. कॅमेरा चालू असताना तिथल्या तिथे गायचं, वादक चौकटीबाहेर बसलेले, आणि आवाज मायक्रोफोनच्या टप्प्यात राहील अशा बेतानं मान वळवायची. आवाजाचा हिशेब त्या तिथे शिकल्या असं मला वाटतं.

आता नाटकाकडे का वळल्या? मी बावीस वर्षं हौशी रंगभूमीवर काम करतेय, त्यामुळे मला जे दिसतं ते सांगते. १९३६ च्या 'अमरज्योती'त त्यांची सौदामिनी आहे. मुलगा हिरावून घेतलेली, समुद्रावर चाचेगिरी करणारी, अन्याय करणाऱ्याचा पाय तोडणारी बाई. असं काम मिळालेल्या नटीला चाळिशीनंतर सिनेमानं दिलं काय? आईच्या भूमिका. चांगल्या होत्या, पण त्यातली बाई बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्या तरी निर्णयानं रडते. स्वतः ठरवणारी, चुकणारी, पाप करणारी बाई नाटकातच होती. ती त्यांना मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर मिळाली.

खाडिलकरांचं 'भाऊबंदकी', म्हणजे नारायणराव पेशव्यांच्या खुनाचं नाटक, १९०९ चं. तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करत. त्याच नाटकात नानासाहेब फाटकांचा राघोबा आणि दुर्गाबाईंची आनंदीबाई उभी राहिली. १९५४ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यमहोत्सवात या प्रयोगाला पहिला मान मिळाला. त्याच सुमाराला शिरवाडकरांचं 'राजमुकुट', म्हणजे मराठीतला मॅकबेथ. त्यातही नवऱ्याला खुनाकडे ढकलणारी राणी दुर्गाबाईच, आणि नवरा पुन्हा नानासाहेब. अख्खा देश जिला आई म्हणून ओळखत होता, ती गिरगावात या दोन बाया उभ्या करत होती. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतली ही सर्वांत धाडसी वर्षं.

त्या आनंदीबाईचं काम किती कठीण, हे मला बोलून कळलं. आमच्या गटानं एकदा 'भाऊबंदकी' बसवलं होतं. खाडिलकरांचं वाक्य लांब असतं; क्रियापद शेवटी येतं आणि सगळा डंख त्या क्रियापदात. श्वास मधे संपला की वाक्याचा शेवट पडतो, आणि शेवट पडला की राघोबाला ढकलायला हातात काही उरतच नाही. तालमीत पहिले आठ दिवस मी फक्त ओरडत होते. मग संहितेत पेन्सिलीनं खुणा केल्या: इथे अर्धा श्वास, इथे पूर्ण, इथे मुळीच नाही. त्यानंतर आवाज खाली आला आणि माझा राघोबा पहिल्यांदा मागे सरकला. प्रेक्षकांना 'ध' चा 'मा' आधीच ठाऊक असतो, गुपित असं काही नसतंच. त्यांना बघायचं असतं ते एवढंच, की ही बाई त्या टोकापर्यंत पोचते कशी.

जुनी_रिळं

ताई, छान लिहिलंत. थोडी भर घालतो. 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी असा दोन्ही भाषांत झाला, त्यामुळे तारामतीचं रडणंही दोनदा! आणि पृथ्वीराज कपूर यांच्याबरोबरची जोडी पाहा. १९३४ च्या 'सीता'त ते राम, या सीता. १९६० साली 'मुघल-ए-आझम'मध्ये ते अकबर, या जोधाबाई. मधे सव्वीस वर्षं गेलेली. मला ते माहीत झाल्यापासून अकबर-जोधाचे प्रसंग जुन्या संसारासारखे वाटतात.

फाळके पुरस्कार १९८३ चा सगळे सांगतात. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १९५८ साली, त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळालेला होता. तोही तुमच्या यादीत टाका.

विंगेतून

विजया मेहता या त्यांच्या सूनबाई, हे कुणी सांगितलं का? धाकटे चिरंजीव हरीन यांच्याशी विजयाबाईंचं पहिलं लग्न झालं होतं. आणि दूरदर्शनवरची 'वागळे की दुनिया' दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. आमच्या घरी ती मालिका कुणी चुकवत नसे.

नवी_प्रेक्षक

बापरे, 'वागळे' त्यांची हे आईला सांगते! तिसरी_घंटा ताई, काल रात्री 'अयोध्येचा राजा' पाहिला. चित्र खरखरीत आहे, पण तारामतीचा आवाज इतका स्वच्छ येतो की मी मधेच हेडफोन लावले. एकच विचारते: आनंदीबाईचं काही चित्रण हाताशी नाही, तर निदान तो श्वास कुठे ऐकायला मिळेल?

तिसरी_घंटा

'मुघल-ए-आझम'मध्येच मिळेल. अकबर सलीमवर चालून जायला निघतो आणि तलवार जोधाबाईच्या हातून मागतो, तो प्रसंग पुन्हा लाव. डोळे मिटून ऐक. एकीकडे पृथ्वीराज यांचा तो खर्ज. त्याच्याशी चढाओढ न करता या स्वतःचं वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत कशी नेतात, ते पाहा. मला त्यात नाटकातली बाई ऐकू येते. मग 'भाऊबंदकी' हातात घे आणि आनंदीबाईचं कुठलंही एक पान मोठ्यानं वाच. मनात नको, मोठ्यानंच. पुस्तक नाही मिळालं तर माझ्या संहितेची दोन पानं पेन्सिलीच्या खुणांसकट इथे टाकते, उद्या सकाळी उजेडात फोटो काढून.