मदत हवी आहे: बाबांच्या जुन्या सिंगल शॉट पिस्तुलाचा लिव्हर जड झालाय, झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी निघत नाही

नमस्कार मंडळी. पॉइंट २२ च्या (०.२२ इंची काडतुसाच्या) हत्यारांवर हात बसलेली बरीच माणसं इथे आहेत, म्हणून विचारते. मी नागपूरची. दहा मीटर एअर पिस्तूल बरीच वर्षं खेळतेय, पण काडतुसाच्या हत्याराचा अनुभव जेमतेम वर्षभराचा.

बाबांचं फ्री पिस्तूल, म्हणजे ५० मीटर नेमबाजीचं, गेल्या वर्षी रीतसर परवान्यासह माझ्या नावावर झालं. पॉइंट २२ लाँग रायफलचं, एका वेळी एकच काडतूस घेणारं, मार्टिनी पद्धतीचं. मेक आणि क्रमांक जाहीर लिहीत नाही. तसंही दोष बनवणाऱ्याचा नाही, आमच्या घरात ते ज्या तऱ्हेने ठेवलं गेलं त्याचा असावा असं मला वाटतंय. ५० मीटर पिस्तूल २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेलं. २०१४ मध्ये इंचिऑनच्या आशियाई स्पर्धेत आपला नेमबाज जितू रायने या प्रकारात सुवर्ण घेतलं तेव्हा बाबा टीव्हीसमोर उजवा हात ताणून उभे होते, हे अजून डोळ्यासमोर आहे. याच पिस्तुलाने एकदा तरी पूर्ण ६० गोळ्यांची मॅच खेळायची आहे. सध्या २० गोळ्याही सलग होत नाहीत.

ज्यांनी मार्टिनी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिव्हर खाली ओढला की ब्लॉक मागच्या खिळीवर फिरतो, त्याचं पुढचं तोंड खाली जातं आणि चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, उघडं पडतं. याच हालचालीत आतली स्प्रिंग ताणली जाऊन पिस्तूल कॉक होतं, म्हणजे झाडायला तयार. अगदी शेवटी ब्लॉक एक्स्ट्रॅक्टरच्या खालच्या पायावर आपटतो, वरचा पंजा मागे उडतो आणि पुंगळीची कड धरून तिला बाहेर ढकलतो. म्हणजे पुंगळी काढायचं सगळं बळ लिव्हरच्या शेवटच्या टप्प्यातून येतं.

आता तक्रार.

एक, लिव्हर रिकाम्या पिस्तुलातही जड आहे. ओढीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात जास्त. डिंकात बुडवलेला चमचा ओढावा तसा सुटतो, धातूला धातू घासल्यासारखा खरखरत नाही. जानेवारीत पहाटे रेंजवर गेले तेव्हा मनगटाने जमेना, दुसऱ्या हाताने पिस्तूल धरून ओढावा लागला. त्याच दिवशी दुपारी उन्हं चढल्यावर बराच हलका झाला.

दोन, पुंगळी. परवा २० गोळ्यांचा हिशेब लिहून ठेवला. ७ पुंगळ्या आपल्या आपण अर्ध्यावर आल्या, ९ नखाने ओढाव्या लागल्या, ४ वेळा नळीच्या तोंडाकडून पितळी रॉड घालून ढकलावं लागलं. पहिल्या पाच-सहा गोळ्यांना त्रास कमी, पुढे वाढत जातो.

तीन, नवं काडतूस आत जातानाही शेवटच्या दोन-एक मिलिमीटरला अडतं. अंगठ्याने दाबून बसवावं लागतं.

इतवारीतल्या एका घड्याळजींकडून डोळ्याला लावायचं भिंग आणलं आणि पुंगळ्या टेबलावर ओळीने मांडून पाहिल्या. प्रत्येकीवर कडेपासून पुढे जाणारा एक सरळ चकचकीत ओरखडा आहे, एकच, केसाइतका बारीक. पितळेचा बाकीचा भाग काजळीने मळकट, पण ती रेघ ताज्या पितळेसारखी पिवळी. काडतुसावर मारणाऱ्या पिनेचा ठसा कडेवर जिथे पडतो त्याच्याच रेषेत ती सुरू होते. फुगलेली किंवा फाटलेली पुंगळी एकही नाही.

मी काय केलं: नळी फुलथ्रूने (दोरीला चिंदी बांधून नळीतून ओढतात त्याने) साफ केली, चिंदी स्वच्छ येईपर्यंत. लिव्हरच्या खिळीत शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकले. आठवडाभर हलका वाटला, मग होता तसाच. काडतुसांचा ब्रँड बदलून पाहिला, फारसा फरक नाही. पिस्तूल स्वतः खोललेलं नाही आणि खोलणारही नाही.

घराबद्दलही सांगायला हवं. पिस्तूल मखमलीच्या अस्तराच्या लाकडी पेटीत, लोखंडी कपाटात असायचं, आणि ते कपाट कूलरच्या खोलीत. नागपूरचा उन्हाळा म्हणजे मार्च सरताना कूलर लागतो तो पाऊस येईपर्यंत, सगळी ओली हवा त्या खोलीत. लाकडी मुठीला बाबा जवसाचं तेल चोळायचे, भरपूर. आणि दर दसऱ्याला शस्त्रपूजेत हळद-कुंकू, फूल, अक्षता. ते आजारी पडल्यावर पुढची बरीच वर्षं फक्त पूजाच झाली, सफाई नाही.

माझे प्रश्न: लिव्हर आणि पुंगळी हा एकच रोग आहे की दोन? तो ओरखडा कशाचा? आणि दुरुस्तीला देण्याआधी घरी, काहीही न बिघडवता, मी अजून काय तपासू शकते?

प्रतिसाद, अमरावतीहून

ताई, तुम्ही हिशेब लिहून ठेवला हे फार चांगलं केलं. निम्मं निदान त्यातच आहे.

रोग दोन आहेत. रिकाम्या पिस्तुलात लिव्हर जड म्हणजे चेंबरचा त्यात काही संबंध नाही. थंडीत जड, उन्हात हलका, म्हणजे आत चिकटा बसला आहे, झीज नाही. झिजलेला भाग ऊन बघून वागत नाही. आणि चिकटा कशाचा ते तुम्हीच लिहिलंय. जवसाचं तेल वाळणारं तेल आहे. हवा लागली की घट्ट होतं, म्हणून तर ते लाकडाला लावतात. मुठीतून झिरपून ॲक्शनमध्ये गेलं की तिथेही तेच करतं, मेणकापडासारखा थर बसतो. त्यावर मशीनचं तेल टाकलं की वरचा थर चार दिवस ओला राहतो, खालचा तसाच. आमच्याकडे एकांनी खोबरेल तेल घातलं होतं, ते हिवाळ्यात चक्क गोठायचं. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतंच.

आता चेंबर. पॉइंट २२ ची शिशाची गोळी बाहेरून मेण किंवा चरबी लावलेली असते. तिचं मेण, काजळी आणि शिसं मिळून चेंबरच्या पुढच्या टोकाला, जिथे पुंगळी संपते तिथे, कडं धरतं. मॅचच्या हत्याराचं चेंबर मुळात तंग, काडतूस पूर्ण बसलं की गोळी नळीतल्या आट्यांना टेकते. त्यामुळे तिथे थोडं साचलं तरी शेवटच्या दोन मिलिमीटरला अडणार, आणि गोळ्यांगणिक वाढत जाणार. फुलथ्रू नळीला पुरतो, चेंबरला नाही. चेंबर नळीपेक्षा रुंद असतं, चिंदी तिथून सैलच जाते. चेंबरच्या मापाचा ब्रश मागून घालून, सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं मुरू द्या, मग फिरवा. घाई करू नका, दोन-तीन वेळा करावं लागेल. स्टीलचा ब्रश, पॉलिश पेपर, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक, यातलं काहीही आत जाता कामा नये.

बाबांनी कधी पॉइंट २२ शॉर्टची काडतुसं वापरली होती का, तेही आठवून बघा. शॉर्टची पुंगळी आखूड, तिच्या पुढे चेंबरमध्येच कडं बसतं, आणि नंतर लाँग रायफलची पुंगळी उडताना त्या कड्याच्या जागी फुगून अडकते.

ओरखड्याबद्दल मला जवळजवळ खात्री आहे. बाबा घरी ड्राय फायर, म्हणजे काडतूस न घालता ट्रिगर ओढायचा सराव, करायचे का? रिमफायरमध्ये पिन काडतुसाच्या कडेवर मारते. आत काही नसेल तर ती थेट चेंबरच्या ओठावर बसू शकते. वर्षानुवर्षं बसली की तिथलं पोलाद दबून आत डोकावतं, छोटी चोच तयार होते. ती जाताना अडवते, येताना ओरबाडते. तपासायची रीत साधी आहे. झाडलेल्या पुंगळ्यांतली जी सहज आत जाते ती घ्या, काळ्या मार्करने सगळीकडून रंगवा, वाळू द्या, चेंबरमध्ये सरळ घालून सरळ काढा. मग तिला पाव फेरा फिरवून पुन्हा घाला, पुन्हा काढा. रेघ पुंगळीवर दुसरीकडे पण चेंबरच्या त्याच जागी उमटली, तर दोष चेंबरच्या ओठाचा. घरी जिवंत काडतूस घालून असली चाचणी कधीही करायची नाही.

आणि रॉडचं एक सांगतो, रागावू नका. झाडलेली पुंगळी नळीकडून ढकलणं ठीक. पण न उडालेलं काडतूस अडकलं असेल तर पुढून रॉड घालायचा नाही, हात नळीसमोर येतो. नळी निशाणाकडेच ठेवून रेंज ऑफिसरला बोलवा.

लिव्हर हलका झाल्यावर तो झटक्याने उघडत जा. मार्टिनीत ब्लॉक एक्स्ट्रॅक्टरवर आपटण्यात जोर असतो. हळूहळू ओढला तर निरोगी पिस्तूलही पुंगळी अर्ध्यावरच सोडतं. तुमच्या ७ अर्ध्या पुंगळ्यांपैकी काही याच कारणाच्या असतील.

प्रतिसाद, नागपूरहून

वरच्या काकांशी सहमत. एवढंच जोडते की ओठावरची चोच कानशीने घासू देऊ नका, कोणी कितीही हुशार असला तरी. घासलं की धातू जातो, तिथे पुंगळीला आधार राहत नाही आणि कड फाटून गरम वायू मागे येऊ शकतो. चेंबरच्या मापाचं गुळगुळीत आणि निमुळतं इस्त्रीचं हत्यार असतं, ते आत दाबून फिरवलं की सरकलेला धातू पुन्हा जागेवर बसतो. हे काम परवानाधारक गनस्मिथचंच. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, त्यामुळे ओळखीच्या लेथवाल्याकडे नेऊ नका. नेताना मूळ परवाना सोबत ठेवा, आणि दुरुस्तीची पावती घ्या.

धागाकर्तीकडून, तीन आठवड्यांनी

काका, ताई, दोघांचे मनापासून आभार. मार्करची चाचणी केली. चार वेळा पुंगळी फिरवली, चारही वेळा रेघ चेंबरच्या वरच्या बाजूलाच. बाबा रोज रात्री जेवणानंतर भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर ड्राय फायर करायचे. तेव्हा ते जुनी पुंगळी आत घालायचे हे मला आठवतं. आईला विचारलं तर म्हणाली, शेवटी शेवटी नजर कमी झाली तेव्हा पुंगळी न घालताच चालवायचे. शॉर्टची काडतुसं मात्र घरात कधी नव्हती.

शहरातल्याच एका परवानाधारक गनस्मिथकडे नेलं, ते वयस्कर आहेत. त्यांनी माझ्यासमोर मूठ काढली. आतलं दृश्य मी विसरणार नाही. लिव्हरच्या खिळीभोवती मधाच्या रंगाचा, काचेसारखा थर होता, नखाने न निघणारा. त्यात हळदीचे पिवळे ठिपके आणि कुंकवाची लाल रेघ जशीच्या तशी गोठलेली होती, आणि एक अक्षता. त्यांनी तो तांदळाचा दाणा चिमट्याने काढून कागदावर ठेवला आणि न बोलता माझ्याकडे सरकवला. तो मी जपून ठेवला आहे.

सुटे भाग रात्रभर टर्पेंटाइनमध्ये ठेवून, नायलॉनच्या ब्रशने साफ करून, अगदी थोडं पातळ तेल लावून पुन्हा बसवले. लिव्हर आता दोन बोटांनी उघडतो. एक्स्ट्रॅक्टरच्या पंजाखालीसुद्धा मेणाची गुठळी होती, त्यामुळे तो कडेला पुरता भिडतच नव्हता. पंजाची धार शाबूत आहे. ओठावरची चोच त्यांनी इस्त्रीने बसवली, कानस हातात घेतली नाही. मूठ परत बसवताना तिच्या आतल्या बाजूचं लाकूड कोरडं पुसून घेतलं आणि तिथे पुन्हा तेल लावायचं नाही असं बजावलं.

काल ४० गोळ्या झाडल्या. काकांनी सांगितल्याप्रमाणे लिव्हर झटक्याने. ३८ पुंगळ्या आपोआप बाहेर, २ नखाने, त्या दोन्ही तिसाव्या गोळीनंतरच्या. रॉडला हात लावावा लागला नाही. काडतुसं अंगठा न दाबता बसतात. आता दर २० गोळ्यांनी चेंबरमधून कोरडी चिंदी फिरवायची असं ठरवलंय. पिस्तूल कूलरच्या खोलीतून हलवलं, मखमलीची पेटी पूजेपुरती ठेवली. दसऱ्याला हळद-कुंकू त्या पेटीला लावेन, आईलाही ते पटलं.

एक गोष्ट उरली आहे. सफाईनंतर चेंबरमध्ये, एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेजवळ, गंजाचे तीन-चार बारीक खड्डे दिसले. टाचणीच्या टोकाएवढे. गनस्मिथ म्हणाले, सध्या छेडू नका, पुंगळीवर त्यांचा ठसा उमटू लागला तर या. काल भिंगाखाली पाहिलेल्या ४० पैकी ३ पुंगळ्यांवर खाचेच्या बाजूला पुसट उंचवटा जाणवतो, बोटाला लागत नाही, फक्त तिरप्या उजेडात दिसतो. अशा खड्ड्यांसह कोणी पॉइंट २२ पुढे वर्षं दोन वर्षं चालवलंय का? की नळी बदलण्याचा विचार आत्तापासून करावा?