बीजगणिताआधीच्या गणितासाठी पूरक पुस्तक सुचवा (घरशिक्षण, वय ११, पुणे)

कोथरूडची_आई:
नमस्कार. माझी लेक ११ वर्षांची आहे, पहिल्यापासून घरीच शिकते. बालभारतीचं सहावीचं गणित मराठीतून झालंय, सातवीचं नुकतंच हातात घेतलंय. १४ पूर्ण झाल्यावर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय मंडळ) दहावीला बसवायचा विचार आहे, त्यामुळे घाई अजिबात नाही.

सरावसंच ती भराभर सोडवते, उत्तरंही बरोबर येतात. पण प्रकरणाचं नाव झाकून त्यातलंच गणित दिलं की विचारते, "यात नक्की काय करायचंय?" काल ७ − (क्ष − २) याचं तिने ७ − क्ष − २ केलं. का विचारलं तर म्हणाली, "कंस काढला." नियम पाठ आहेत, त्यामागचं कारण हाताशी नाही.

मुख्य पुस्तक बदलायचं नाही. सोबतीला एकच पूरक पुस्तक हवंय. अप्पा बळवंत चौकात बरीच दुकानं पालथी घातली, पण मिळाली ती गाइडं आणि स्कॉलरशिपची सरावपुस्तकं. सराव तिला पुरेसा आहे. इंग्रजी वाचते, पण लांबलचक परिच्छेद आले की कंटाळते. कोणी वापरलेलं काही असेल तर कृपया सांगा.

औंधकर_बाबा:
ताई, आमच्या मुलाला याच टप्प्यावर आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग या अमेरिकी संस्थेचं 'प्रीअल्जिब्रा' दिलं होतं. लेखक रुस्झिक, पॅट्रिक आणि बोप्पना, २०११ चं पुस्तक. १५ प्रकरणं आहेत. सुरुवातच बेरीज-गुणाकाराच्या गुणधर्मांपासून होते आणि वजाबाकी म्हणजे विरुद्ध संख्येची बेरीज, हे तिथे नीट पटवून दिलंय. तुमच्या लेकीचा कंस नेमका तिथेच सुटेल. पुढे घातांक, विभाज्यता, अपूर्णांक, समीकरणं, गुणोत्तर, शेकडेवारी, भूमिती, शेवटी मोजणी आणि प्रश्न सोडवण्याच्या युक्त्या.

पद्धत अशी की आधी प्रश्न, मग चर्चा. मुलाने उत्तर न बघता झुंजायचं असतं. आमच्याकडे कधी कधी एका प्रश्नावर अख्खी सकाळ गेली आहे आणि त्या सकाळी मला सगळ्यात मोलाच्या वाटतात.

आता अडचणी. मजकूर भरपूर आहे, इंग्रजी आहे, काही उदाहरणांत डॉलर आणि इंच-फूट येतात. परदेशी पुस्तक, त्यामुळे महाग पडतं. म्हणून विकत घेण्याआधी त्यांच्या साइटवर 'मूल तयार आहे का' आणि 'या पुस्तकाची गरज आहे का' अशा दोन चाचण्या फुकट आहेत, त्या सोडवून घ्या. व्हिडिओ आणि अल्कुमस नावाचा ऑनलाइन सरावही फुकट आहे.

बाणेर_होमस्कूल:
शाब्दिक उदाहरणांत अडत असेल तर सिंगापूर पद्धतीची पट्ट्यांची चित्रं शिकवा. माहीत असलेली राशी एक पट्टी, माहीत नसलेली दुसरी. 'क्ष' येण्याआधी मूल अज्ञात संख्या डोळ्यांनी बघतं. त्यासाठी अख्खी पुस्तकमाला घ्यायची गरज नाही, वहीत काढलं तरी चालतं.

निवृत्त_गणितशिक्षक:
आधी एक विचारतो. लेकीला (−३) × (−४) = १२ का, हे सांगता येतं का?

कोथरूडची_आई:
नाही सर. "उणे गुणिले उणे अधिक" एवढंच.

निवृत्त_गणितशिक्षक:
मग औंधकरांनी सांगितलेलं पुस्तक उत्तम असलं तरी लगेच देऊ नका. कंटाळा आला तर ती ते पुन्हा उघडणार नाही. आधी एनसीईआरटीचं 'गणित प्रकाश' घ्या. सहावीचं २०२४ मध्ये आलं, सातवीचं २०२५ मध्ये दोन भागांत. पीडीएफ फुकट आहेत. सहावीच्या शेवटच्या प्रकरणात लिफ्टने वर-खाली जात ऋण संख्या येतात. सातवीत अंकगणिती पदावल्यांचं (म्हणजे ७ − (५ − २) अशा मांडणींचं) स्वतंत्र प्रकरण आहे. कंस काढताना चिन्ह का बदलतं ते तिथे आकड्यांवर समजावलंय, अक्षरं नंतर येतात. हा क्रम मला फार योग्य वाटतो.

घरी दोन गोष्टी करून बघा. पहिली: तिला क्ष = ५ घालायला सांगा. ७ − (५ − २) म्हणजे ४, आणि ७ − ५ − २ म्हणजे ०. तुम्ही चूक दाखवायची नाही, तिलाच दिसू द्या. मग विचारा, पाचातून दोन कमी करून सातातून वजा करायचे होते, तू आधी अख्खे पाच वजा केलेस, मग ते दोन परत द्यायला हवेत की आणखी काढायला?

दुसरी: (−३) × (४ + (−४)). कंसात शून्य, म्हणून उत्तर शून्य. आता वितरण गुणधर्माने मोडा, म्हणजे कंसातल्या प्रत्येक संख्येला −३ ने वेगळं गुणा. पहिला तुकडा −१२. बेरीज शून्य यायची तर दुसरा तुकडा किती असायला हवा? १२ तिच्या तोंडून येऊ द्या. ज्या मुलांना हे स्वतः सापडलं ती पुढे चिन्हात क्वचितच गडबडतात, हे मी वर्गात पाहत आलो आहे.

आणि बालभारतीचं सातवीचं पुस्तक सोडू नका. पूर्णांक संख्या आणि बैजिक राशी ही प्रकरणं सुटसुटीत आहेत. फक्त त्यातली उदाहरणं क्रमाने न देता वेगवेगळ्या प्रकरणांतली मिसळून एका कागदावर द्या. "यात काय करायचंय?" या तिच्या प्रश्नाला नवीन पुस्तक लागत नाही, ही सरमिसळ लागते.

औंधकर_बाबा:
सरांशी सहमत. आमच्या मुलाला झुंजायची आवड आधीपासून होती, म्हणून ते पुस्तक जमलं. आमची प्रत कपाटात आहे, ताई. पहिलं प्रकरण चाळायला हवं असेल तर घेऊन जा, मग ठरवा.

कोथरूडची_आई:
सर, आज क्ष = ५ चा प्रयोग केला. शून्य आल्यावर ती बराच वेळ गप्प बसली, मग स्वतःच क्ष = १० घालून पाहिलं आणि म्हणाली, "दर वेळी चारचाच फरक पडतोय." का पडतोय ते अजून शोधतेय, मी सांगितलेलं नाही.

'गणित प्रकाश' सातवीचा पहिला भाग छापून आणतेय, आठवड्यातून दोन दिवस तेच. इतर दिवशी बालभारतीची सरमिसळ. बाबा, तुमची प्रत नक्की बघायला आवडेल, रविवारी औंधला येऊ का?

औंधकर_बाबा:
या की. तिलाही आणा. आमचा मुलगा आता नववीच्या गणितात आहे, पण पहिल्या प्रकरणावर अजूनही तासभर बोलेल.